करंड्यावरची वरात

१४ मार्च १९८७, शनिवार

म्युझियमने मला घेतलं! म्हणजे अर्धंमुर्धं घेतलं, पण उद्गारचिन्ह काढायला कारण आहे आणि ही वही माझी आहे.

सकाळी मिसेस कोल्बींचा फोन. या आमच्या म्युझियममधल्या गाइड लोकांच्या मुख्य. सत्तरी उलटलेली, पाठ ताठ, गळ्यात मोत्यांचा सर, आणि बोलताना समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणारी बाई. असं थांबणारं माणूस या देशात मला दुसरं भेटलेलं नाही. त्यांनी मला भारतीय दालनात टाकायचं ठरवूनच ठेवलं होतं. मी म्हटलं, "मिसेस कोल्बी, गणपती मला घरी रोज भेटतो. मला ग्रीक मडकी द्या."

मग म्हणाल्या, "व्हाय नॉट?"

आता ९ मेपर्यंत तयारी. त्या दिवशी खऱ्याखुऱ्या लोकांना दालनातून फिरवून दाखवायचं, मिसेस कोल्बी मागे उभ्या राहून ऐकणार. जमलं तर माझ्या नावाचा बॅज मिळणार, नाहीतर गिफ्ट शॉपच्या काउंटरवर बसायचं. पगार दोन्हीकडे नाहीच.

बॅज मला हवाय. हे श्रीरंगला सांगितलं तर तो म्हणेल, "अगं, प्लास्टिकची पट्टी ती." त्याच्या खिशाला गेली एकोणीस वर्षं अशी पट्टी लटकतेय, त्याला काय कळणार! या देशात आल्यापासून एकोणीस वर्षं मी 'श्रीरंगची बायको' आणि 'दीपाची आई' आहे. गेल्या जूनमध्ये दीपा लग्न होऊन फिलाडेल्फियाला गेली, तेव्हापासून दुसऱ्या हुद्द्यालाही फारसं काम उरलेलं नाही.

१९ मार्च, गुरुवार

आज दालनात एकटीच दोन तास होते. पहारेकरी शेवटी खुर्ची देऊ का म्हणाला.

ग्रीक नावं काही केल्या तोंडात बसत नाहीत, म्हणून मी सगळ्यांचं बारसं करून टाकलंय. तो मोठा रांजण, ती घागर, ती तेलाची बुधली (पांढरी, थडग्यावर ठेवायची). एका थाळीवर एक बाई वेदीपुढे पसरट वाटीतून धार सोडतेय, डोळे खाली, मनगट किंचित वळलेलं. अर्घ्य सोडणाऱ्या माझ्या आईचं मनगट अगदी असंच वळायचं. मी तिथेच उभी राहून तिच्याकडे बघत हसत होते.

आणि काळा रंग हा रंगच नाही म्हणे! तीच माती पातळ कालवून लावायची, भट्टीत हवा कोंडून सगळं काळं करायचं, मग हवा सोडून उरलेलं लाल करायचं. आधी कोंडमारा आणि मग मोकळीक. सोप्पं काम नव्हे.

पण माझं मन बसलंय ते मधल्या काचेच्या पेटीत ठेवलेल्या छोट्या गोल डबीवर. झाकणाची, मुठीएवढी. लग्नात नवरीला द्यायची, दागिने नाहीतर तोंडाला लावायची पावडर ठेवायला. म्हणजे करंडाच की! तिच्या भोवतीनं वरात रंगवलीय. माहेरचं दार, मग दोन्ही हातांत मशाली घेतलेली नवरीची आई, मग पदर सावरणारी नवरी, तिचं मनगट धरून नेणारा नवरा, त्याच्यापुढे दोन बासऱ्या एकदम वाजवणारा पोरगा, आणि शेवटी आपल्या दारात मशाल घेऊन उभी असलेली सासू. अडीच हजार वर्षं झाली, ही वरात अजून पोचलेली नाही.

बोलायला पुरे दहा मिनिटं इथे देणार आहे मी.

२९ मार्च, रविवार

पाडवा उद्या, पण इथे सण रविवारी येतात. दीपा आणि संजीव आले होते. संजीव म्हणजे जावई, स्वभावाने लोणी. आज तर दीपाची पर्ससुद्धा तोच उचलून आणत होता. नवी नवलाई आहे, चालू दे.

मी श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि माझं भाषण असा बेत केला होता. पहिले तीन उत्तम जमले. फोडणी घालत होते तर दीपा तडक उठून बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली, गार वाऱ्यात, स्वेटरशिवाय. ज्या घरात लहानाची मोठी झाली तिथल्या मोहरी-हिंगाचा हिला आता वास येतो! कॉफीलाही नको म्हणाली. फिलाडेल्फियात लोकांनी कॉफीही सोडली वाटतं.

जेवणानंतर सगळ्यांना सोफ्यावर बसवलं आणि सुरुवात केली. दीपा म्हणाली, "आई, बिफोर यू स्टार्ट, आय हॅव टु टेल यू समथिंग."

मी म्हटलं, "मशालीपर्यंत थांब गं, माझी लिंक तुटते."

मशालीपर्यंत आले तर बाईसाहेब झोपलेल्या, तोंड उघडं टाकून. संजीव तिच्या अंगावर शाल घालत होता. आईच्या भाषणात दहा मिनिटं जागं राहवत नाही म्हणजे काय! मला फार लागलं ते. तिला उठवलंही नाही आणि काय सांगायचं होतं तेही विचारलं नाही.

निघताना ती गॅरेजपाशी बाबांशी बराच वेळ बोलत होती. श्रीरंग आत आला तो डोळे पुसत. म्हणाला, झाडांच्या परागांचा त्रास होतोय. मार्चमध्ये?

७ एप्रिल, मंगळवार

आज तालीम. आज फजिती.

रांजण झाला, थाळी झाली, मिसेस कोल्बी मान डोलावत होत्या. मग करंडा. मी पेटीभोवती चालत चालत बोलले आणि स्वतःवर खूश होऊन थांबले. त्या नेहमीसारख्या माझं वाक्य पूर्ण संपेपर्यंत थांबल्या, मग म्हणाल्या, "मालिनी, तुम्ही आत्ता नवरीला नवऱ्याच्या घरून उचलून परत आईकडे नेऊन सोडलंत."

मी बघितलं. खरंच! वरात डावीकडून उजवीकडे निघालीय. म्हणजे पेटी डाव्या हाताला ठेवून चाललं तर वरातीबरोबर चालतो. आणि मी आपली, पेटी उजव्या हाताला ठेवून, देवळात घालतात तशी प्रदक्षिणा घातली. आधी सासू, मग बासरीवाला, मग नवरा, नवरी, आणि सगळ्यात शेवटी आई. अख्खं लग्न मोडलं मी.

"उलट बाजूने चालून बघा," त्या म्हणाल्या.

बघितलं. पाय उचलेना. आमच्याकडे उलटं फक्त चितेभोवती फिरतात. लग्नाभोवती मी तशी कशी फिरू? हे मिसेस कोल्बींना इंग्रजीत सांगायला गेले तर इंग्रजीही गेलं. तीन पावलं टाकली, नवरीला 'ही' म्हटलं, नवऱ्याला 'शी' म्हटलं आणि थांबले.

त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "गोष्ट सरळ सांगता यायला हवी. लोक पहिल्यांदाच ऐकत असतात." खरंच आहे ते. रागावल्या असत्या तर निदान मला भांडता आलं असतं.

११ एप्रिल, शनिवार

जेवणाच्या टेबलावर मधोमध पोळ्यांचा डबा ठेवून उलटी फेरी मारायचा सराव. श्रीरंग बघत होता. म्हणाला, "पोळ्यांना दृष्ट लागलीय का?"

त्याचं स्वतःचं काय चाललंय ते बघा. माझी शिवणाची खोली रिकामी करून तिथे पिवळा रंग लावतोय. एकोणीस वर्षांत या माणसाने खिळा ठोकलेला नाही. का रंगवतोस विचारलं तर म्हणतो, "असंच." माझं शिवणयंत्र तळघरात गेलं. वय झालं की पुरुष असे वेडे चाळे करतात, असं इथल्या आमच्या ज्येष्ठ मैत्रीण सरलाताई म्हणतात.

२५ एप्रिल, शनिवार

चैत्रातलं हळदीकुंकू. कैरी कुठली मिळायला, म्हणून हिरव्या आंबटढाण सफरचंदाची डाळ केली, नेहमीप्रमाणे. आमच्या घोळक्यातल्या सगळ्या बायका आल्या. दीपाही आली, संजीवला घेऊन, काही न सांगता, साडी नेसून!

आणि तिने डाळ खाल्ली. वाटीभर, मग दुसरी वाटीभर, मग पातेल्यापाशी उभी राहून चमच्याने. लहानपणी हीच मुलगी या डाळीला 'वेट सॉडस्ट', ओला भुसा, म्हणायची. मला इतका आनंद झाला! म्हटलं, वयाबरोबर चव सुधारली.

ओटी भरताना सरलाताईंनी सगळ्यांच्या पदरात एकेक मूठ हरभरे घातले. दीपाला मात्र भरभरून घातले, वर नारळ ठेवला, आणि तिच्या गालावरून हात फिरवून गालातल्या गालात हसल्या. दीपा लालेलाल. सरलाताईंचं वय पंचाहत्तर, अजून चेष्टा काही सुटत नाही.

सगळं छान चाललं होतं. मग पसारा आवरताना दीपा म्हणाली, "आई, नोव्हेंबरमध्ये तू इंडियाला वगैरे जाणार नाहीस ना? प्रॉमिस?"

"का गं?"

तेवढ्यात कुणीतरी निघालं, निरोप द्यायला धावले. परत येते तर संजीव फोनवर कुणाला सांगत होता, "हो, आत्ताचं अपार्टमेंट पुरणार नाही. नोव्हेंबरच्या आत मूव्ह व्हावं लागेल." मला बघताच आवाज खाली.

म्हणजे हे सांगायचं होतं तर. संजीवच्या कंपनीची कॅलिफोर्नियात कचेरी आहे, मला माहीत आहे. नोव्हेंबरमध्ये मी इथे हवी, कारण सामान बांधायला आई लागते. श्रीरंगलाही माहीत आहे, म्हणून मार्चमध्ये पराग! आणि मला मात्र कुणी काही सांगायचं नाही.

विचारणार नाही. सांगतील तेव्हा सांगतील. गॅसवर दूध ठेवलं होतं ते उतू गेलं तेवढ्यात.

३० एप्रिल, गुरुवार

दीपाचा फोन. "आई, नाइन्थला मी येतेय तुझ्या टूरला. आणि आफ्टर दॅट वी आर गोइंग टु टॉक, ओके? यू कीप टॉकिंग अबाउट पॉट्स!"

मी म्हटलं, "नको येऊस. लांब पडतं."

"चाळीस मिनिटं, आई!"

खरं कारण लिहून टाकते. दीपा सहावीत होती, शाळेत पालकांची सभा होती, आणि पायऱ्यांवर तिने माझा हात धरून विनवलं होतं, "आई, डोन्ट टॉक, ओके? जस्ट स्माइल." मी तासभर हसले. घरी येऊन गाल दुखत होते. तिला आता आठवतही नसेल, आणि अकरा वर्षांच्या पोरीवर राग तरी कसा धरायचा? राग नाहीच. पण तिच्यासमोर मडक्याला 'व्हास' म्हणायचं की 'व्हेज' यावर अडखळले तर मी त्या पायऱ्यांवर परत जाईन, हे मला पक्कं माहीत आहे. एकवेळ सगळं न्यू जर्सी येऊन ऐकू दे, दीपा नको.

ती येणारच म्हणते. हट्टी. कुणावर गेलीय कोण जाणे.

८ मे, शुक्रवार

पोळ्यांच्या डब्याभोवती उलटी फेरी न अडखळता झाली. दोनदा. देवापुढे दिवा लावून सांगून टाकलं, की उद्या जे करणार आहे ते नाइलाज म्हणून, अपशकुन म्हणून नव्हे. त्याला इंग्रजीत सांगावं लागत नाही हे बरं आहे.

निळी इरकल काढून ठेवली. मोजे घालायचे की नाही?

९ मे, शनिवार

नीट क्रमाने लिहीन म्हणते, पण शेवटच आधी लिहावासा वाटतोय.

अकराला सुरुवात. पंधराएक माणसं, बहुतेक पांढऱ्या केसांची. मिसेस कोल्बी मागे, मोती आणि पाठ जागच्या जागी. श्रीरंग आणि संजीव भिंतीला टेकून. दीपा पुढेच, संजीवने तिच्यासाठी पहारेकऱ्याकडून खुर्ची मागून घेतली होती. मला राग आला. म्हातारी माणसं उभी आणि ही बसलेली!

रांजण बरा झाला. घागरीपाशी लोक हसले, कारण मी सांगितलं की पाण्याला जाणाऱ्या बायकांच्या कुठल्याही रांगेत एकीची दुसरीकडे पाठ असते आणि तिसरी त्या दोघींबद्दल बोलत असते. थाळीवरच्या बाईच्या मनगटाबद्दल बोलताना आईची आठवण झाली ती सांगूनच टाकली. कागदावर नव्हतं ते. 'व्हेज' म्हणाले की 'व्हास', मला आता आठवत नाही.

मग करंडा. मी वळले, चालायला लागले, तोंड उघडलं, आणि समोर कोण? सासू!

पाय गेले होते, आपले नेहमीच्या बाजूने. एक महिना पोळ्यांच्या डब्याभोवती फेऱ्या मारल्या त्या सगळ्या फुकट. मागे मिसेस कोल्बी. पुढे दीपा. आता परत फिरायचं म्हणजे पंधरा माणसांना मागे ढकलायचं.

एकदम मनात आलं, तासभर नुसतं हसून झालंय एकदा. आता नाही.

मी म्हटलं (इंग्रजीतच म्हटलं, इथे मराठीत लिहितेय), "मंडळी, मी तुम्हाला चुकीच्या बाजूने आणलंय. ही वरात त्या बाजूने बघायची असते. नवरी तिकडून निघते, इकडे पोचते. पण माझ्या देशात शुभ गोष्टीभोवती असंच फिरतात, ती उजव्या हाताला ठेवून, आणि माझ्या पायांना इंग्रजी येत नाही. तेव्हा आज आपण वरातीला समोरून भेटू."

मोठ्याने हसले सगळे. छान हसले. मी मागे बघितलंच नाही.

सासूची मशाल दाखवली. "हिला अजून कळलेलं नाही काय येतंय ते." बासरीवाला झाला. नवरा झाला, मनगट झालं. नवरी मान वळवून मागे बघतेय, हे मला आजच दिसलं. रोज वरातीच्या चालीने वाचायचं म्हणून घोकत होते, तेव्हा नजर तिच्यापुढे नवऱ्याकडे धावायची. आज उलट आले तर तिची नजर सरळ मागे, आईकडे, मी चालले होते त्याच दिशेला. आणि मग शेवटी आई, दोन्ही हातांत मशाली, मागे उघडं दार.

पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी विचारलं, "मग ती मुलगी परत कधी येते का आईकडे?"

"ग्रीकांचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "विचारून सांगेन. पण आमच्याकडे येते. पहिल्या बाळंतपणाला मुलगी आईच्या घरी येते, अशी रीतच आहे. म्हणून मला ही वरात या बाजूनेही खोटी वाटत नाही. आई मशाल घेऊन उभी आहे ना, ती तिला घालवायलाच उभी असेल असं कशावरून?"

आणि तेवढ्यात दीपाने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"आई," ती म्हणाली. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. "हाऊ अबाउट नोव्हेंबर?"

मी म्हटलं, "नोव्हेंबरमध्ये काय?"

खरंच असं म्हटलं मी! भर दालनात! आजीबाईंना कळलं, पहारेकऱ्याला कळलं, आणि मी आपली विचारतेय, नोव्हेंबरमध्ये काय! मग डाळ आठवली. सोफा आठवला, फोडणी, कॉफी, पर्स, नारळ, पिवळा रंग. आत्ताची ती खुर्ची! काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी जन्मभर दुसऱ्यांवर फेकत आले.

माझं इंग्रजी संपलं. मराठीही संपलं. मी पेटीभोवतीची दोरी ओलांडून गेले आणि तिला मिठीत घेतलं, निऱ्या सुटल्या तरी पर्वा केली नाही. ती माझ्या कानात म्हणाली, "किती ट्राय केलं सांगायला! डॉक्टर म्हणाले थ्री मंथ्स थांबा, पण मला तुला आधी सांगायचं होतं. तू ऐकतच नव्हतीस, यार!" यार म्हणाली मला. मग म्हणाली, "तू काय बोललीस, आई! व्हाय डोन्ट यू टॉक लाइक धिस एव्हरीव्हेअर?"

यावर मी नुसती हसले, आणि आज गाल दुखले नाहीत.

लोक टाळ्या वाजवत होते. कशाला, ते त्यांचं त्यांना माहीत. श्रीरंग पुन्हा पराग पुसत होता. याला पाडव्यापासून माहीत होतं! दीपाने गॅरेजपाशी शपथ घातली होती म्हणे. याचा हिशोब मी सावकाश चुकता करणार आहे.

पांढरी बुधली राहिलीच होती. मी डोळे पुसून परत उभी राहिले आणि तीही सांगितली, थडग्यावरची, मरणाची. दीपाने हात धरला होता.

कॅलिफोर्निया वगैरे काही नाही. मोठं अपार्टमेंट फिलाडेल्फियातच, त्यांच्याच रस्त्यावर, दोन घरं सोडून. पण बाळंतपण आणि पुढचं सगळं इथे, पिवळ्या खोलीत. हॉस्पिटल इथूनही जवळच आहे, दीपाने आधीच बघून ठेवलंय. मी तळघरातून शिवणयंत्र वर आणायला लावलं. जुन्या मऊ साड्या काढल्यात, दुपटी शिवायला. अमेरिकेत सगळं विकत मिळतं असं संजीव म्हणतो. असेल. मऊपणा विकत मिळत नाही.

सरलाताईंना फोन केला. म्हणाल्या, "अगं, तुला आज कळलं?"

आता पुरे. साड्या फाडायच्यात.

हो, बॅज मिळाला. लिहायचं राहूनच गेलं. मिसेस कोल्बींनी स्वतः पदराला लावला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी दोन्ही बाजूंनी सांगा. आधी सरळ, मग तुमची." त्यावर माझं नाव आहे, पूर्ण, आणि स्पेलिंगही बरोबर.